असतील त्या मुलांचा संघ

कबड्डी ठाऊक नाही असा माणूस बुलढाणा जिल्ह्यात शोधून सापडावयाचा नाही. घाटावर असो की घाटाखाली असो, शाळेच्या पटांगणावर चुन्याच्या रेघा मारल्या, एक शिट्टी मिळाली आणि चौदा पोरे जमली की सामना सुरू होतो. या खेळाला बॅट लागत नाही, जाळी लागत नाही, चेंडूसुद्धा लागत नाही. म्हणूनच तो गरिबाच्या घरी टिकला. परंतु खेळ ठाऊक असणे ही एक गोष्ट, आणि संघ कसा बांधतात ते ठाऊक असणे ही दुसरी. पहिली आपल्यापैकी प्रत्येकाजवळ आहे. दुसरीविषयी थोडे बोलावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रश्न साधा आहे. शहरातला मोठा संघ आपल्याला हवा तो खेळाडू दुसरीकडून आणू शकतो. प्रो कबड्डीत तर २०१४ सालापासून खेळाडूंचा उघड लिलाव होतो. उजवा कोपरा कमकुवत असला तर पैसे मोजून उजवा कोपरा आणता येतो. शाळेच्या क्रीडाशिक्षकाला ती सोय नाही. गावात जी मुले जन्मली, त्यांपैकी जी शाळेत टिकली, आणि त्यांपैकी जी सामन्याच्या दिवशी हजर राहिली, त्यांतूनच त्याला सात उभी करावयाची असतात. मग त्याने चढाईची आखणी कशावर बेतावी? आपल्या मनातल्या उत्तम खेळावर, की समोर उभ्या असलेल्या मुलांवर?

आमचे उत्तर आरंभीच सांगून टाकतो. आखणी मुलांवर बेतावी. अंगरखा माणसाच्या मापाने शिवतात. अंगरख्याच्या मापाने माणूस कापीत नाहीत. हे बोलावयास सोपे आहे, पण पटांगणावर फार थोडे जण तसे वागतात. आम्हीही एके काळी वागलो नव्हतो. ती हकीकत पुढे येईल.

आधी खेळाचा हिशेब पाहू, कारण आखणीचे सारे मर्म त्या हिशेबात आहे. एका बाजूस सात गडी. चढाई करणारा एकटा, त्याला वेळ तीस सेकंद आणि दम एकच. मध्यरेषा ओलांडून गेल्यावर त्याने समोरच्या अंगणातली निदानरेषा पार केलीच पाहिजे, नाहीतर तो बाद. पुरुषांच्या मैदानात ही रेषा मध्यरेषेपासून पावणेचार मीटर, मुलींच्या मैदानात तीन मीटर. तिच्याही पुढे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात रक्षक उभे असताना चढाईपटूने एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकला आणि दुसरा त्या वेळी अधांतरी ठेवला, तर त्याला कोणाला स्पर्श न करताही एक गुण मिळतो. स्पर्श केला आणि सुखरूप परतला, तर जितक्यांना स्पर्श तितके गुण. सातही गडी बाद केले की लोण, आणि लोणाचे दोन गुण जादा.

इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असते. पुढची गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. समोरचा एक गडी बाद झाला की आपला बाकावर बसलेला एक गडी परत मैदानात येतो; आणि जो आधी बाद झाला तो आधी येतो. पण हा नियम बोनसला लागू नाही. बोनसच्या गुणाने फलक हलतो, बाकावरचा गडी हलत नाही. एवढ्या एका नियमात शाळेच्या संघाचे निम्मे नशीब दडलेले आहे. तुमचा एकुलता एक चढाईपटू बोनस मागून बोनस आणीत असेल तर लोक टाळ्या वाजवतील. पण बाकावर चार पोरे बसलेली असतील तर ती बसूनच राहतील, आणि एकदा का तो चढाईपटू सापडला की अंगणात दोघेच उरतील. उलट एक साधी पकड झाली तर एक गुण मिळतो, समोरचा चढाईपटू बाद होतो आणि आपला एक गडी घरी येतो. एका कामात तीन कामे होतात.

जुन्या काळी हा हिशेब सर्वत्र एक नव्हता. संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार चालत. संजीवनीत बाद गडी जिवंत होई. गामिनीत सगळे बाद होईपर्यंत बाहेर बसावे लागे. अमरमध्ये कोणी बाहेर जातच नसे, नुसते गुण मोजले जात. १९२३ साली बडोद्यास नियम छापून सामने झाले, पुढे १९५० साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली, आणि संजीवनीचा प्रकार मुख्य ठरला. आपल्या विदर्भाचा या इतिहासात मोठा वाटा आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी परदेशी लोकांना करून दाखविली. तेथे शिकून तयार झालेले व्यायामशिक्षक वऱ्हाडातल्या कितीतरी शाळांत गेले. आज आपल्या शाळांत जो खेळ चालतो त्याची नाळ तेथे आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी चढत जातात. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट असतात. स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो आणि दिवाळीच्या मागेपुढे ऐन भरात येतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत सोयाबीनची सोंगणी येते, मागोमाग कापसाची वेचणी येते. ज्या घरात दोन हात कमी पडतात त्या घरचे पोर शाळेत नसते, शेतात असते. बापाला दोष देण्यात अर्थ नाही. पीक उभे राहून वाट पाहत नाही. तेव्हा मोताळ्याचा असो की संग्रामपूरचा असो, कागदावर बारा नावे लिहिणाऱ्या शिक्षकाला मनातून ठाऊक असते की बारा काही येणार नाहीत. पुण्यामुंबईच्या पुस्तकातली आखणी त्याच्या कामाची नाही. त्याची आखणी हजेरीपटावरून निघते.

आमचे आयुष्य हमाल आणि जिनिंग-प्रेसिंगचे कामगार यांच्यात गेले. तेथे हा प्रश्न रोज पाहिला. बाजार समितीच्या आवारात हमालांची टोळी असते. एक जण पोते उचलून देतो, दुसरा पाठीवर वाहतो, तिसरा थप्पी लावतो. थप्पी लावणाऱ्याला नजर लागते, वाहणाऱ्याला पाय लागतात, उचलून देणाऱ्याला कंबर लागते. शहाणा मुकादम सकाळी आधी कोण आले आहे ते पाहतो आणि मग कामे वाटतो. ठरलेला थप्पीवाला तापाने घरी असेल तर तो कमजोर माणसाला उंच थप्पीवर चढवीत नाही. तो थप्पीच बुटकी लावतो आणि जागा थोडी जास्त घेतो. काम तेच, रीत बदलली. शिकलेल्या माणसाला याचे शास्त्र वाटेल. मुकादमाला ते रोजचे शहाणपण आहे.

हे सारे ठाऊक असून आम्ही मात्र एकदा चुकलो. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डी प्रथमच पदकाचा खेळ म्हणून आली आणि भारताने सुवर्णपदक मिळविले. त्या बातमीने आम्ही तरुण मंडळी वेडी झालो. जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांची पोरे जमविली आणि संघ उभा केला. आम्ही एका मोठ्या शहरी संघाचा सामना पाहून आलो होतो. त्यांचे सगळे खेळगडी उंच, सगळ्यांचे पाय लांब, चढाईत लाथ अशी मारीत की कोपऱ्यातला गडी हलायच्या आत स्पर्श झालेला असे. आम्ही ठरविले की आपलाही संघ असाच खेळेल.

आमच्यात एक मुलगा होता. बुटका, छातीने रुंद, हाताची पकड सांडशीसारखी. त्याला आम्ही लाथ मारावयास शिकविले. तो बिचारा मारी. त्याचा पाय समोरच्याच्या गुडघ्यापर्यंत पोचे आणि तेथेच धरला जाई. प्रत्येक सामन्यात तो पहिल्या दोन चढायांत बाद व्हावयाचा आणि बाकावर बसावयाचा. लोक हसत. आम्ही त्याला म्हणू, "सराव कमी पडतो." तो आणखी सराव करी. पुढे त्याने येणे सोडले. आम्ही त्याला आळशी ठरविले आणि दुसरा मुलगा घेतला.

दोन वर्षांनी एका जत्रेतल्या सामन्यात तो आम्हांस दुसऱ्या गावच्या संघात दिसला. डाव्या कोपऱ्यात बसकण मारून उभा होता. समोरून चढाईपटू बोनस घ्यावयास पाय पुढे टाकी आणि हा खाली वाकून घोटा धरी. त्या सामन्यात त्याच्या हातून एकही पाय सुटला नाही. त्या संघाच्या वस्तादाने काही जादू केली नव्हती. त्याने मुलाचे हात पाहिले होते. आम्ही मात्र डोक्यातल्या चित्राशी मुलाचे पाय ताडून पाहत होतो. सामना संपल्यावर आम्ही त्याला भेटावयास गेलो. तो नीट बोलला, रागावला नाही. त्याचा राग आला असता तर बरे झाले असते.

असो. आता मुलांवरून आखणी कशी निघते ते पाहू. शाळेत साधारणपणे तीन तऱ्हेचे संघ जमतात.

पहिली तऱ्हा म्हणजे एकखांबी तंबू. एक मुलगा विलक्षण चढाई करतो, बाकीचे सामान्य. अननुभवी शिक्षक त्याला प्रत्येक चढाईला पाठवितो. दहा मिनिटांत मुलगा दमतो, समोरचे त्याची चाल ओळखतात, तो सापडतो आणि मग सारा संघ डोळ्यांदेखत कोसळतो. अशा संघाची आखणी त्या मुलाला जपण्यापासून सुरू होते. रक्षणाच्या वेळी त्याला कोपऱ्यात उभे करू नये, कारण कोपऱ्याने पकडीला हात घातला आणि चढाईपटू निसटला की कोपरा बाद होतो. त्याला आत उभे करावे आणि पकडीची घाई करू नको म्हणून सांगावे. मधल्या चढायांना दुसरा मुलगा पाठवावा. त्याने गुण आणावा अशी अपेक्षा नाही. निदानरेषा ओलांडून, हूल देऊन, सुखरूप परत यावे. रिकामी चढाई ही लाज नव्हे, ती विश्रांती आहे. मात्र लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावा अन्यथा बाद व्हावे, हा प्रो कबड्डीमुळे रूढ झालेला नियम जेथे लागू असेल तेथे ती तिसरी चढाई खांबाने करावी. आणि समोर सात असताना त्याने बोनस घ्यावा, पण आपले गडी बाकावर बसले असतील तर बोनसचा मोह सोडून स्पर्शच आणावा.

दुसरी तऱ्हा म्हणजे चढाईपटूच नसलेला संघ. आपल्याकडे हा पुष्कळ आढळतो. शेतात राबणाऱ्या पोरांचे हात मजबूत असतात, पण एकट्याने परक्या अंगणात शिरण्याचा धीटपणा नसतो. अशा संघाने सामना सावकाश खेळावा. आपली चढाई तीस सेकंद वापरून रिकामी परत आणावी आणि समोरच्याची चढाई हीच आपली संधी समजावी. दोन्ही कोपरे घोटा धरणारे, त्यांच्या आत साखळी करणारे, मध्ये कंबर धरणारा. पकडीवर सामना जिंकता येतो. प्रो कबड्डीत तर तीन किंवा त्याहून कमी रक्षकांनी पकड केली की एक गुण जादा देतात. म्हणजे गडी कमी झाले म्हणून हातपाय गाळण्याचे कारण नाही.

तिसरी तऱ्हा म्हणजे लहानखुऱ्या, चपळ पोरांचा संघ. शालेय गटांत वजनाची मर्यादा असते, म्हणून सगळे संघ सारखे असतील असे वाटते. पण तसे नसते. चौदा वर्षांखालील गटात एका शाळेची पोरे ओठावर मिसरूड फुटलेली आणि दुसरीची अजून दुधाच्या चेहऱ्याची. अशांनी पकडीच्या झोंबाझोंबीत पडू नये. त्यांनी चार-पाच वेगवेगळे चढाईपटू पाठवावे, म्हणजे समोरच्या कोपऱ्याला कोणाची सवय होत नाही. सात उभे असतील तोवर बोनस, सहाच्या खाली गेले की धावता हातस्पर्श. त्यांच्यात डावखुरा मुलगा असेल तर तो सोन्याचा, कारण त्याचा पुढे येणारा हात आणि पाय समोरच्यांच्या सवयीचा नसतो. एखादा मुलगा साखळीच्या हाताखालून डुबकी मारून निसटणारा असेल तर त्याला मोकळीक द्यावी. पण सगळ्यांनीच डुबकी मारावी असा आग्रह धरू नये. हरयाणाच्या प्रदीप नरवालने २०१७ च्या प्रो कबड्डी हंगामात चढाईचे ३६९ गुण मिळविले, तेव्हापासून गावोगावची पोरे डुबकी मारू लागली आणि पुष्कळ जण माती खाऊन उठली. त्याची डुबकी त्याच्या अंगातून निघाली होती.

एक पाहिलेले उदाहरण देतो. घाटाखालच्या एका शाळेचा सतरा वर्षांखालील संघ तालुक्याला निघाला. यादीत बारा, प्रत्यक्ष आले नऊ. जो खांब होता तोच आला नव्हता; बापाने सोंगणी गुत्त्याने घेतली होती आणि त्याला सोडवत नव्हते. पोरांचे चेहरे उतरले. शिक्षकांनी त्यांना लिंबाखाली बसविले आणि आदल्या महिन्याची वही उघडली. वहीत प्रत्येक मुलापुढे चार रकाने होते: चढाया किती, गुण किती, रिकाम्या किती, बाद किती वेळा. त्यांनी वाचून दाखविले की दोन मुले अशी आहेत ज्यांनी गुण फार आणले नाहीत, पण ती जवळजवळ कधी सापडलीही नाहीत. "आज चढाई तुम्ही दोघांनी करायची. गुण आणू नका, फक्त परत या. गुण आपण घरात बसून घेऊ." पोरे हसली. पहिला सामना त्यांनी पकडींवर जिंकला. दुसरा हरले. पण नऊच्या नऊ मुलांना त्यांनी मैदानात उतरविले, आणि गुण आणणारी मुले एकाऐवजी पाच झाली. दुसऱ्या वर्षी तो खांब परत आला, तेव्हा तो एकटा खांब राहिलेला नव्हता.

शाळेच्या खेळाचा हा पेच आपल्याच देशात आहे असे नाही. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या फुटबॉलहून निराळा. लांबट चेंडू हातात घेऊन पळतात, पुढे फेकतात, आणि धिप्पाड गडी एकमेकांना आडवे जाऊन वाट अडवितात किंवा मोकळी करतात. तेथल्या ओहायो राज्यात मिडलटाऊन नावाचे गाव आहे. १९५८ साली तेथल्या हायस्कुलाचे प्रशिक्षक ग्लेन एलिसन यांचा संघ अर्ध्या हंगामापर्यंत एकही सामना जिंकला नव्हता. अंगाला अंग भिडवून वाट काढण्याची नेहमीची रीत त्या पोरांना जमत नव्हती. एलिसन यांनी मोकळ्या जागेत स्वच्छंद खेळणाऱ्या लहान मुलांचा खेळ पाहिला, आणि आपला संघ मैदानभर पांगविला. मध्ये दोघेच ठेवले, बाकीचे दूर दोन्ही बाजूंना, आणि चेंडू झटपट फेकावयाचा. उरलेले पाचही सामने तो संघ जिंकला. पुढे १९६५ साली त्यांनी या रीतीवर पुस्तक लिहिले, आणि तिचीच पुढची रूपे धंदेवाईक संघांपर्यंत पोचली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की ती युक्ती विद्यापीठाच्या वर्गात निघाली नाही. हाताशी असलेल्या पोरांकडून काय होईल, या प्रश्नातून ती निघाली.

आपल्याच मातीतले उदाहरण त्याहून बोलके आहे. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धांत इराणच्या मुलींनी अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असे हरविले. त्या इराणी संघाच्या प्रशिक्षिका होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आपल्याकडची एकही खेळाडू त्या बरोबर नेऊ शकत नव्हत्या. जी मुले समोर होती त्यांची भाषा वेगळी, पोशाख वेगळा, सवयी वेगळ्या. त्यांनी फारसी शिकून घेतली. योगासने आणि प्राणायाम यांना सरावात जागा दिली, कारण दम हा या खेळाचा श्वासच आहे. भारत हरला याचे वाईट आम्हांसही वाटले. पण एका मराठी शिक्षिकेने परक्या मुलींना त्यांच्या वाटेने उभे केले, हे पाहून मान ताठ झाली, हेही खरे.

येथे जाणत्यांकडून एक आक्षेप येतो, आणि तो टाकाऊ नाही. ते म्हणतात, पोरे येतात आणि जातात, शाळा राहते. तेव्हा शाळेची एक ठाम पद्धत असावी आणि पोरांनी ती शिकावी. दर वर्षी नवी आखणी केली तर परंपरा कशी तयार होणार? याचे उत्तर असे की खेळात काही गोष्टी अढळ आहेत आणि काही बदलत्या आहेत. दम न तोडता उच्चार करणे, नजर सातांवर ठेवणे, निदानरेषा विसरू न देणे, साखळीत शेजाऱ्याचा हात न सोडणे, पडताना मान सांभाळून पडणे, पंचाच्या निर्णयावर हुज्जत न घालणे, या गोष्टी सगळ्यांना सारख्या शिकवाव्यात. त्यांत उंच-बुटका असा भेद नाही. ही झाली परंपरा. पण कोणी किती चढाया कराव्या, कोण कोपऱ्यात आणि कोण आत, सामना वेगाने न्यावा की संथपणे, हे दर वर्षी, किंबहुना दर सामन्याला, मुलांकडे पाहून ठरवावे. पाया एकच ठेवून घर माणसे पाहून बांधावे, इतकेच.

आणखी एक धोका आहे, तो उलट बाजूने येतो. मुलाला पाहून जागा द्यावी म्हणजे त्याच्या कपाळावर शिक्का मारावा असे नव्हे. चौदाव्या वर्षी बुटका असलेला मुलगा सोळाव्या वर्षी वीतभर वाढतो. घाबरट वाटणारी मुलगी एक पकड यशस्वी झाली की दुसऱ्याच दिवशी चढाई मागते. "तू कोपराच," असे म्हणून त्याला तीन वर्षे कोपऱ्यात कोंडले तर आम्ही १९९० साली केली तीच चूक दुसऱ्या तोंडाने झाली. म्हणून सामन्याची आखणी आजच्या मुलासाठी करावी, आणि सराव उद्याच्या मुलासाठी करावा. सामन्यात ज्याला जे येते ते त्याने करावे. सरावात मात्र कोपऱ्याने चढाई करावी आणि चढाईपटूने घोटे धरावे. आठवड्यातला एक दिवस असा उलटापालटीचा ठेवला तर पुढच्या वर्षीचा संघ यंदाच तयार होऊ लागतो. आणि सोंगणीने खांब पळविला तरी तंबू पडत नाही.

मुलींच्या संघाबद्दल हेच दुप्पट खरे आहे. पुष्कळ गावांत मुलींचे सात जमविणे हीच पहिली लढाई असते. आईला घरकामात मदत, लहान भावंड सांभाळणे, अंधार पडायच्या आत घरी परतणे, यांतून जो पाऊण तास उरतो तेवढाच सराव. तेथे शिक्षकाने तीन तासांची आखणी आणली तर ती आखणी मुलींवरच ओझे होते. पाऊण तासात दोन गोष्टी नीट शिकवाव्या: एक पकड आणि एक सुखरूप परतणे. त्यांचे मैदान आठ मीटर रुंद आणि बारा मीटर लांब, अंतरे लहान. साखळी घट्ट असेल तर चढाईला फार मोकळी जागा मिळत नाही. थोड्या वेळात शिकलेल्या संघाला साखळीचाच आधार मोठा असतो.

हे सगळे एवढ्या आस्थेने सांगण्याचे कारण केवळ जय-पराजय नाही. खेळात भाग घेतल्याचे गुण दहावी-बारावीला धरले जातात. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. मजुराच्या पोराला शाळेच्या संघातली जागा ही पुढच्या दाराची किल्ली ठरू शकते. ती जागा देताना शिक्षकावर दडपणे येतात. कोणाचा मुलगा, कोणाचा पुतण्या, हे सुरू होते. ज्या शिक्षकाजवळ वही आहे आणि वहीत चार रकाने आहेत, त्याला नाही म्हणण्याचे बळ येते. आकडा कोणाचा नातलग नसतो. म्हणून आम्ही क्रीडाशिक्षकांना विनवितो की ती वही ठेवा. पाच-दहा रुपयांची वही पुरते.

आणि पालकांना, नागरिकांना आमची वेगळी विनंती आहे. यंदा पावसाळ्यानंतर आपल्या गावच्या पटांगणावर सामने होतील तेव्हा घटकाभर जाऊन उभे राहा. चढाई करणाऱ्याकडे सगळेच पाहतात. आपण बाकावर बसलेल्या बाराव्या मुलाकडेही पाहा. सामना संपल्यावर शिक्षकांना किती गुणांनी जिंकलात एवढेच विचारू नका. आज किती मुलांनी गुण आणला, हे विचारा. हा प्रश्न चार जणांनी विचारला तर पुढच्या वर्षी शिक्षक त्याचे उत्तर तयार ठेवील.

तो बुटका मुलगा आता पन्नाशीला आला आहे. त्याच्या गावातली पोरे संध्याकाळी त्याच्याकडे खेळावयास जातात. नवे पोर आले की तो त्याला चढाई करावयास सांगत नाही, पकड करावयासही सांगत नाही. "आठ दिवस नुसता खेळ," म्हणतो, आणि कडेला उकिडवा बसून पाहत राहतो.